रात्री तीनला येणारा ‘पॉवर सप्लाय फेल’ खोटा आहे का, हे कसं ओळखायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: शंभरावर नेटवर्क स्विच, मॉनिटरिंगला लिब्रेएनएमएस हे सॉफ्टवेअर. रात्री-अपरात्री ‘पॉवर सप्लाय फेल’, ‘फॅन स्पीड लो’, ‘टेम्परेचर क्रिटिकल’ अशा मेल येतात. सकाळी जाऊन बघावं तर स्विच व्यवस्थित, कमांड मारली तर सगळं ओके. टीमनं आता त्या मेल वाचणंच सोडलंय. मग हार्डवेअरचे सगळे अलर्ट बंद करून टाकावेत का?

बंद करू नका. तुमचं वैतागणं मला पूर्ण समजतं, गेली अठरा वर्षं मी हेच काम करतोय. पण या ढिगाऱ्यात एखादा खरा अलर्ट असतोच आणि तो बाकीच्यांसारखाच दिसतो. माझ्या अनुभवात ‘खोटे’ म्हणून फेकलेल्या अलर्टमध्ये स्विचनं चुकीचं सांगितलं असं फार क्वचित निघालं. स्विचनं एक आकडा दिलेला असतो. घोळ होतो तो त्या आकड्याचा अर्थ लावताना, मर्यादा ठरवताना किंवा तो आकडा आपल्यापर्यंत पोचताना. म्हणून पहिला प्रश्न ‘फॅन गेला का?’ हा नसतोच. ‘आकडा नेमका कोणता आला?’ हा असतो.

मेलमधलं ‘पॉवर सप्लाय फेल’ हे वाक्य स्विचचं नाही. नियम लिहिणाऱ्यानं ते लिहिलंय. स्विचनं पाठवला असेल ५ किंवा ६. तो मूळ आकडा, सेन्सरचा पूर्ण ओआयडी (एसएनएमपी या उपकरणांना माहिती विचारायच्या पद्धतीतला त्याचा पत्ता) आणि वेळ या तीन गोष्टी अलर्टच्या मजकुरात आल्याच पाहिजेत. टेम्प्लेट आजच बदला. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आता ‘सकाळी ओके होतं’ याबद्दल. अलर्ट तीनला आला, तुम्ही साडेनऊला बघितलं. यानं काहीच सिद्ध होत नाही. स्विचचा स्वतःचा लॉग काढा आणि तीनच्या आसपास काय आहे ते बघा. त्याआधी स्विचचं घड्याळ बरोबर आहे का ते तपासा. सिस्कोच्या जुन्या स्विचवर एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय) लावलेलं नसेल तर रीबूटनंतर घड्याळ १ मार्च १९९३ पासून सुरू होतं, आणि मग लॉगमधली ओळ कुठल्या रात्रीची हे कळायला मार्ग राहत नाही. एनटीपी सगळीकडे चालू करणं हे कंटाळवाणं काम आहे, पण त्यावाचून ही चौकशी होत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण तुमच्याकडेही हेच असण्याची शक्यता मला बरीच वाटते. एका कार्यालयातल्या रॅकमधून आठवड्यातून पाच-सहा रात्री टेम्परेचरचा अलर्ट यायचा. सगळ्यांचं मत एकच: सेन्सर खराब. मी एक महिन्याचा ग्राफ उघडला. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास रेषा चढायला लागायची, अकरापर्यंत वर जाऊन सपाट व्हायची आणि सकाळी सव्वानऊला खाली यायची. रविवारी मात्र दिवसभर वरच. खराब सेन्सरला रविवार कळत नाही. एक संध्याकाळ मी तिथेच थांबलो. साडेसातला वॉचमनकाका आले, दिवे घालवत गेले आणि शेवटी खोलीच्या एसीचा एमसीबी खाली केला. वीजबिल वाढतं म्हणून त्यांना तशी सूचना होती, आणि त्या खोलीत चोवीस तास चालणारं काही आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. सेन्सरनंही. त्या एमसीबीवर लाल पट्टी लावली आणि अलर्ट थांबले.

म्हणून कुठल्याही टेम्परेचर अलर्टला हात लावण्याआधी महिन्याचा ग्राफ बघा. खरी उष्णता हळू चढते आणि हळू उतरते. एका रीडिंगला ३८, पुढच्याला १२७ किंवा २५५, आणि त्यापुढच्याला पुन्हा ३८ असं दिसलं तर ती उष्णता नाही. १२७ आणि २५५ हे एका बाइटमध्ये मावणारे टोकाचे आकडे आहेत आणि ‘रीडिंग मिळालं नाही’ हे सांगायला कित्येक उपकरणं तेच पाठवतात. सेन्सर नेमका कुठला आहे तेही बघा. हवा आत येते तिथला, बाहेर पडते तिथला की स्विचिंग चिपवरचा? आत येणाऱ्या हवेसाठी अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस १८ ते २७ अंशांची आहे. चिप मात्र ७०-८० अंशांवर खुशाल चालते. दोघांना एकच मर्यादा लावली तर एक कायम ओरडेल किंवा दुसरा कधीच ओरडणार नाही.

मर्यादेचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या लिब्रेएनएमएसमधली एक गोष्ट. उपकरणानं स्वतःची मर्यादा कळवली नाही तर डिस्कव्हरीच्या वेळी, म्हणजे उपकरणात कुठले सेन्सर आहेत ते शोधताना, मिळालेल्या पहिल्या रीडिंगवरून लिब्रेएनएमएस मर्यादेचा अंदाज बांधतं. सोय चांगली आहे, पण तिचे परिणाम लक्षात घ्या. डिसेंबरात नागपूरला बसवलेल्या स्विचची मर्यादा डिसेंबरच्या थंडीवरून ठरते आणि एप्रिल उजाडला की अलर्टची रांग लागते. फॅनचं याच्या उलट. दुपारी स्विच जोडला तेव्हा फॅन जोरात होता, त्यावरून खालची मर्यादा ठरली. रात्री खोली थंड झाली, फॅननं आपोआप वेग कमी केला आणि तीनला ‘फॅन स्पीड लो’ची मेल आली. फॅननं जे करायला हवं तेच केलं. काही लहान स्विच तर थंडीत फॅन पूर्ण थांबवतात. तिथे शून्य आरपीएम हीसुद्धा नेहमीची स्थिती. तुमचे फॅनचे अलर्ट रात्रीचेच आहेत, म्हणून मला पहिला संशय इथे येतो. उपकरणाच्या एडिट पानावर हेल्थ विभागात जा, त्या सेन्सरची मर्यादा डेटाशीटवरून हातानं भरा. अंदाज बांधायची सोय पूर्ण बंद करणारं सेटिंगही आहे. पण ते बंद केलं की ज्यांना मर्यादाच नाही असे सेन्सर गप्प बसतील, हे डोक्यात ठेवूनच बंद करा.

आता पॉवर सप्लाय. सिस्कोच्या पर्यावरणविषयक जुन्या एमआयबीमध्ये (कुठल्या ओआयडीचा अर्थ काय हे सांगणाऱ्या यादीत) स्थितीचे सहा आकडे आहेत: १ नॉर्मल, २ वॉर्निंग, ३ क्रिटिकल, ४ शटडाउन, ५ म्हणजे बसवलेलाच नाही आणि ६ म्हणजे चालत नाही. बहुतेक घरगुती नियम ‘१ नसेल तर अलर्ट’ असे लिहिलेले असतात. ज्या स्विचला दुसऱ्या सप्लायची किंवा बाहेरच्या रिडंडंट युनिटची जागा आहे पण ते कधी घेतलंच नाही, तो आयुष्यभर ५ पाठवत राहतो आणि तुमचा नियम त्याला बिघाड म्हणतो.

इथे सगळ्यांना एक सोपा उपाय सुचतो: ५ आला तर दुर्लक्ष करायचं, सगळ्या उपकरणांवर. मीही तेच केलं होतं आणि त्याची किंमत एका कारखान्यानं मोजली. तिथल्या कोअर (मुख्य) स्विचला दोन सप्लाय होते, दोन वेगळ्या यूपीएसवर. केबलची आवराआवर करताना कुणीतरी एक सप्लाय अर्धवट बाहेर ओढला. स्विचनं ५ पाठवला, माझ्या नियमानं तो गिळला. तीन आठवड्यांनी दुसऱ्या बाजूच्या यूपीएसची बॅटरी बदलायला माणूस आला. आम्ही त्याला ‘दुसरा सप्लाय आहे, खुशाल काढा’ म्हणून सांगितलं. कोअर गेला. चाळीस मिनिटं गेटवरचं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बंद होतं आणि रस्त्यावर ट्रकची रांग लागली. स्विचनं तीन आठवडे आधी सांगितलं होतं आणि ते ऐकायचं मी बंद करून ठेवलं होतं. ही गोष्ट मला आजही बोचते, म्हणून तुम्हाला एवढ्या कळकळीनं सांगतोय.

‘कधी नव्हताच’ आणि ‘होता आणि गेला’ यांचा आकडा एकच, अर्थ वेगळा. फरक कळायला कुठल्या स्विचमध्ये किती सप्लाय असायला हवेत याची यादी तुमच्याकडे हवी. साधी स्प्रेडशीट चालेल, पण ती रॅकसमोर उभं राहून केलेली असावी, खरेदीच्या कागदावरून नको. जिथे जागा खरोखर रिकामी आहे तिथे त्या एकाच सेन्सरचा अलर्ट बंद करा. बाकी सगळीकडे ५ ला ६ इतकंच गंभीर माना. काही जण आधीच्या आणि आत्ताच्या रीडिंगची तुलना करणारा नियम लिहितात. तो पुरत नाही: पाच मिनिटांनी पुढचं पोलिंग (ठरावीक वेळानं रीडिंग विचारणं) झालं की दोन्ही रीडिंग ५ होतात, अलर्ट आपोआप ‘रिकव्हर’ होतो आणि सप्लाय तसाच बाहेर लोंबत राहतो.

पुढचा प्रकार फर्मवेअर अपग्रेडनंतरचा. सेन्सरची रीडिंग ज्या सर्वसाधारण तक्त्यातून येतात तो २००२ च्या आरएफसी ३४३३ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजातला. त्यात आकडा एकटा येत नाही. सोबत प्रमाण आणि दशांशस्थळंही येतात. ४२५ हा आकडा दशांशस्थळ १ असेल तर ४२.५ अंश असतो. १२१०० हा आकडा मिलीच्या प्रमाणात असेल तर १२.१ व्होल्ट. लिब्रेएनएमएस हा भागाकार डिस्कव्हरीच्या वेळी ठरवून डेटाबेसमध्ये ठेवतं. डिस्कव्हरी साधारण दर ६ तासांनी होते, पोलिंग दर ५ मिनिटांनी. अपग्रेडमध्ये कंपनीनं दशांशस्थळ बदललं किंवा सेन्सरचे क्रमांक हलले, तर पुढच्या डिस्कव्हरीपर्यंत जुन्या हिशेबानं नवे आकडे वाचले जातात. मग ४२५ अंशांचा स्विच दिसतो, किंवा फॅनच्या नावाखाली व्होल्टेज. हे क्रमांक रीबूटनंतर तेच राहतील अशी हमी मानकात नाही, तेव्हा कंपनीला दोष देऊनही उपयोग नाही. अपग्रेडच्या कामाच्या यादीत शेवटची ओळ म्हणून ‘डिस्कव्हरी हातानं चालवणे’ लिहून टाका. याच तक्त्यात सेन्सरच्या स्वतःच्या तब्येतीचाही रकाना आहे: १ ठीक, २ रीडिंग उपलब्ध नाही, ३ सेन्सर नादुरुस्त. २ किंवा ३ असताना शेजारच्या आकड्याला काही अर्थ नसतो, तरी कित्येक नियम तो रकाना न बघता आकड्यावरच अलर्ट देतात.

फायबरच्या मॉड्यूलमधून येणारं ‘आरएक्स पॉवर उणे ४० डीबीएम’ही असंच. आरएक्स पॉवर म्हणजे आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएम हे तिचं एकक. मॉड्यूल प्रकाश मोजतं ते ०.१ मायक्रोवॉटच्या टप्प्यांत, आणि ०.१ मायक्रोवॉट म्हणजेच उणे ४० डीबीएम. मोजपट्टीवरची ती शेवटची खूण. अर्थ एवढाच की प्रकाश नाही. पोर्ट शट असेल किंवा मॉड्यूल खोचून केबल लावायची राहिली असेल तर उणे ४० च यायला हवं. अलर्ट तेव्हाच द्यावा जेव्हा पोर्ट चालू असायला हवा आहे. याउलट रोज उणे ९ असलेलं रीडिंग महिन्याभरात उणे १४ वर घसरलं, तर मर्यादा ओलांडली नसली तरी जाऊन कनेक्टर पुसा.

आता एक असा अलर्ट ज्यानं मी दोन रात्री जागून काढल्या. ‘डिव्हाइस रीबूटेड.’ पॉवरची तपासणी झाली, अर्थिंग मोजलं, इलेक्ट्रिशियनला बोलावलं, काही सापडेना. स्विचवर बघावं तर अपटाइम ४९७ दिवस. एसएनएमपीमधला अपटाइम सेकंदाच्या शंभराव्या भागात, ३२ बिटांत मोजला जातो. ४९७ दिवस, २ तास, २७ मिनिटं आणि काही सेकंदांनी तो भरतो आणि शून्यावर येतो. मॉनिटरिंगला वाटतं स्विच नुकताच उठला. त्याच दिवशी बसवलेले चार स्विच एकाच संध्याकाळी ‘रीबूट’ झाले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एसएनएमपी इंजिनचा वेळ सेकंदांत मोजला जातो, त्यामुळे तो असा लवकर भरत नाही. नियम त्यावर बेतला तर हा प्रकार थांबतो. स्विचच्या कमांडमध्ये दिसणारं रीबूटचं कारणही बघत जा.

आकडा पोचताना होणारा घोळ वेगळा. एसएनएमपी यूडीपीवर चालतं. पॅकेट हरवलं तर हरवलं. रात्री बॅकअप चालू असतो, स्विचचा सीपीयू दमलेला असतो, आणि बहुतेक स्विच अशा वेळी एसएनएमपीला शेवटचा नंबर देतात. पिंग चालू, सेन्सर गायब. आपण हातानं एसएनएमपीवॉक (सगळी रीडिंग ओळीनं विचारणारी कमांड) मारतो तेव्हा ते चालतं आणि आपण फसतो, कारण नेट-एसएनएमपीचं ते साधन उत्तर आलं नाही तर न सांगता आणखी ५ वेळा विचारतं. पुन्हा विचारण्याची संख्या शून्य करून, रात्रीच्या त्याच वेळेला वॉक मारा. मग खरं चित्र दिसेल. ‘उत्तर नाही’ आणि ‘उत्तर वाईट आहे’ यांचे दोन वेगळे नियम हवेत आणि त्यांच्या मेल वेगवेगळ्या माणसांकडे जाव्यात. ट्रॅपचंही, म्हणजे स्विच स्वतःहून पाठवतो त्या सूचनेचंही, तेच. बिघाडाचा ट्रॅप पोचला आणि बरा झाल्याचा हरवला तर अलर्ट आठवडाभर लाल राहतो. म्हणून ट्रॅपनं फक्त जागं करावं, खात्री पोलिंगनं करावी.

जुनिपरचे स्विच असतील तर लाल दिवा बघून घाबरण्याआधी चॅसिस अलार्मचा मजकूर वाचा. मॅनेजमेंटच्या पोर्टला केबल लावलेली नसली तरी तो मोठा अलार्म देतो. ते पोर्ट वापरायचंच नसेल तर त्याची लिंक गेल्याचा अलार्म दुर्लक्षित करण्याची ओळ कॉन्फिगरेशनमध्ये टाकता येते. सर्व्हरही याच मॉनिटरिंगमध्ये असतील तर दोन गोष्टी: रेड (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) कार्डाची बॅटरी ठरावीक दिवसांनी स्वतःला पूर्ण उतरवून पुन्हा चार्ज करते आणि तेवढ्या काळात ‘बॅटरी डिग्रेडेड’ म्हणते, आणि आयपीएमआयच्या (सर्व्हरच्या हार्डवेअरवर लक्ष ठेवणाऱ्या सोयीच्या) लॉगमध्ये मागच्या वर्षीची नोंद तशीच पडून असली तर काही साधनं तिला आजचा बिघाड समजतात. त्या लॉगची प्रत काढून ठेवा, मगच तो साफ करा.

किती वेळ थांबून मेल पाठवावी, हे सेन्सरगणिक वेगळं. पॉवर सप्लायला मी सलग दोन रीडिंग घेतो, त्याहून जास्त नाही. टेम्परेचरला १५ मिनिटं, आणि चढताना व उतरताना वेगळी मर्यादा: ५५ ला अलर्ट, तर ५० च्या खाली आल्यावरच बरा. नाहीतर ५४ आणि ५६ च्या मध्ये रात्रभर मेलांचा पाऊस पडतो. झॅबिक्स या दुसऱ्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी बरं होण्याची वेगळी अट लिहिता येते. तशाच नागिऑसमध्ये किती वेळा तपासल्यावर बिघाड पक्का मानायचा ते ठरवता येतं. मात्र विलंब हा सर्वांत शेवटचा उपाय ठेवा. एसीचा एमसीबी खाली असताना १५ मिनिटांचा विलंब लावला असता तर मेल पंधरा मिनिटं उशिरा आली असती, एवढंच.

तुमच्या ढिगाऱ्याचं काय करायचं? मागच्या ३० दिवसांचे अलर्ट काढा आणि उपकरण व सेन्सर या जोडीनं मोजा. बहुतेक वेळा मोजक्या जोड्यांमधूनच निम्म्याहून जास्त मेल निघतात. त्यातली सर्वांत वरची पाच घ्या. प्रत्येकीसाठी अलर्टच्या वेळचा मूळ आकडा, महिन्याचा ग्राफ आणि रात्रीच्या वेळी स्विचवर मारलेल्या एन्व्हायर्नमेंट कमांडचं उत्तर शेजारी शेजारी ठेवा. कारण लिहिता आलं तरच तो सेन्सर म्यूट करा, आणि ते कारण तारखेसह नोंदीत ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर येणाऱ्याला कळेल. कारण लिहिता येत नसेल तर तो अलर्ट चालू राहू द्या.

या पाचांपैकी पॉवर सप्लायच्या जोड्या आधी घ्या आणि त्या स्विचसमोर स्वतः जाऊन मागचे दिवे बघा. एखाद्या सप्लायचा हिरवा दिवा विझलेला दिसला तर केबल ओढू नका, आधी दुसरा सप्लाय कुठल्या यूपीएसवर आहे ते शोधा. त्या जोड्यांचे मूळ आकडे आणि स्विचचं मॉडेल लिहून पाठवलंत तर पुढचं मी बघून सांगेन.